पोर्ट आधीच वापरात आहे

खापर गावाहून वर डोंगरात आमची आश्रमशाळा आहे. त्या वर्षी दहावीच्या पोरींना गणिताला शिक्षकच नव्हता. आधीच्या सरांची दोन वर्षांपूर्वी बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. मी विज्ञानाची. गणित मला येतं, पण शिकवता येत नाही, हे पोरींनी आठवडाभरात ओळखलं. परीक्षा तर जवळ येत चाललेली. म्हणून मी पुण्याच्या एका संस्थेकडून गणिताचे व्हिडिओ असलेली डिस्क मिळवली, सरांच्या बदलीपासून कुलूपबंद असलेली संगणक खोली उघडायला लावली आणि कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सर्व्हर बसवायला घेतला. तो बसला की इंटरनेटशिवाय खोलीतल्या सगळ्या संगणकांवर धडे दिसणार होते.

तो बसेना. सगळं सुरळीत व्हायचं आणि अगदी शेवटी लाल अक्षरं यायची: पोर्ट आधीच वापरात आहे. मी काढून पुन्हा टाकला. मशीन बंद करून चालू केलं, वायरी बदलल्या, मशीनला तोंडभर शिव्याही घातल्या. पुन्हा तेच. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, पुढला सालले पाहूत."

माझं डोकंच फिरलं. पुढच्या साली या पोरी कुठे असतील? पोरगी गणितात नापास झाली की घरचे लग्न लावून देतात किंवा सोबत गुजरातेत ऊसतोडीला नेतात. मी म्हटलं, "सर, आज हे बसल्याशिवाय मी उठत नाही."

मग रागातच लाल अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं दार. ते वापरात आहे म्हणजे आत कुणीतरी बसलेलं आहे. कोण? मी शेजारच्या संगणकावरून त्या मशीनचा पत्ता टाकून पाहिला. एक साधं पांढरं पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'दहावी गणित', आणि खाली धड्यांची यादी. एवढे दिवस कुणाला पत्ता नाही!

मागे उभ्या असलेल्या पोरींनी पहिला धडा लावला आणि एकदम ओरडल्या, "सर!" आठवीत त्यांना शिकवणारे, बदली होऊन गेलेले तेच सर फळ्यापाशी उभे होते. समोर रिकामे बाक. मराठीत बोलता बोलता ते पावरीत, पोरींच्या घरच्या बोलीत, समजावत होते. ते ऐकून पोरी फिदीफिदी हसत होत्या, कारण सरांची पावरी जरा वेडीवाकडी होती.

तरी मला नवाच सर्व्हर हवा होता. त्यातले धडे चकाचक होते, चित्रं हलत होती. जुना काढायला पासवर्ड लागत होता. मुख्याध्यापकांकडून सरांचा नंबर घेतला, रेंज मिळते त्या खिडकीला टेकले आणि फोन लावला. सर आता तापीकाठच्या शाळेत होते. मीही तिकडचीच, त्यामुळे अहिराणीतच बोलले. "सर, आठे तुमनं काहीतरी बसेल शे. ते मन्हं बसू देत नही."

ते हसले. "बदली व्हई तवय घाईमां करेल शे ते. काढी टाका बाई, नवीन बसाडा. पासवर्ड सांगस, लिखी ल्या."

तेवढ्यात पडद्यावरच्या सरांनी काहीतरी विचारलं आणि ते थांबले. प्रत्येक प्रश्नानंतर ते असेच थांबत, रिकाम्या बाकांकडे पाहत. पोरींनी एका सुरात उत्तर दिलं. "शाब्बास," पडदा म्हणाला.

फोनमधून सरांनाही ते ऐकू गेलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पोरी जवाब दी ऱ्हायन्यात का?"

"हां."

"मंग ऱ्हाऊ द्या ते. काढू नका."

पासवर्ड सांगायचा राहिला, मीही मागितला नाही. नव्या सर्व्हरला दुसरा पोर्ट दिला, तेव्हा तो निमूट बसला. मी मोठ्या ऐटीत पोरींना बोलावलं, तर एकीने मागे वळूनही न बघता सांगितलं, "बाई, ते नंतर. आधी सरांचं पूर्ण करू."