कानाला पडलेले मार्क

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. इतका, की पाट काढला असता तर चाकणच्या अर्ध्या शिवारात ऊस उभा राहिला असता. कंपनीच्या बसमध्ये माझ्या डावीकडची सीट कायम रिकामी. वासाची कीर्तीच तेवढी. याच कानापायी मला प्रेस शॉपमधून उचलून स्टोअरला टाकलं. पत्रा दाबणाऱ्या डायचा आवाज बदलला की मशीन थांबवायची असते, आणि मला तो बदल कळेना. "ऑपरेशन करा, ऐकू आलं तर परत लाइनवर घेऊ," साहेब म्हणाले.

चिंचवडच्या डॉक्टरबाईंनी कानात दुर्बीण घातली. ऑपरेशन कितपत साधेल याचा अंदाज बांधायला त्या मार्क देत गेल्या. कान वाहतोय, त्याचे मार्क. पडदा फाटलाय, त्याचे. आतली हाडं झिजलीत, त्याचे. आधीचं ऑपरेशन फसलं, त्याचेही. बिडीचेसुद्धा! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बिडीचं कुणी कौतुक केलं. "बरेच झाले की तुमचे," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे वर्षाकाठी रेटिंग मिळतं. जास्त मार्क, जास्त पगारवाढ. दवाखाने करून करून मी इतका थकलेलो की पुढं काही विचारलंच नाही. पेढे घेतले आणि सगळ्या शिफ्टला वाटले.

"भाऊ, घरात कुणी पास झालं का?"

"कान झाला."

"चला राव, एक अवयव तरी शिकला तुझा!"

पुढच्या खेपेला बायको सोबत आली. तिनं बाईंना सरळ विचारलं, "मार्क एवढे चांगले हायेत, तर मग चिरायचं कशाला?"

बाई हसल्या नाहीत. "ताई, इथं मार्क जितके जास्त, तितकं अवघड. नवा बसवलेला पडदा बहुतेक धरेल. ऐकू किती येईल, ते मी सांगू शकत नाही. यातली बिडी तेवढी यांच्या हातात आहे."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं कंपनीची भट्टी विझली असती. बिडी काय चीज!

ऑपरेशन झालं. पडदा धरला. ऐकण्याच्या तपासणीत मात्र जेमतेम फरक. साहेब म्हणाले, "स्टोअरलाच बरे आहात." मीही वाद घातला नाही. अंगात त्राण कुठं होतं?

परवा सकाळी अंथरूण काढताना बायकोनं माझ्या उशीवर हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली.

"काय?"

ती खाटेला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली.

"कोरडी हाय म्हनलं, उशी."