माळावरचा मळका शर्ट

आमच्या बाबांना माणसांची नावं आठवत नाहीत. सख्ख्या सुनेला भलत्याच नावानं हाक मारतात आणि मग जीभ चावतात. पण कुत्र्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ. काडीची पणजी कोणत्या रंगाची होती विचारा, शेपटीच्या टोकासकट सांगतील.

काडी म्हणजे आमच्याकडची शेवटची कुत्री. जात शिकारी, नजरेवर धावणारी. निमुळतं तोंड, खोल छाती, कंबर नसल्यातच जमा आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. रस्त्यानं जाणारा हमखास विचारायचा, "हिला खायला घालता की नाही?" बाबा म्हणायचे, "तुमच्याइतकंच खाते. अंगाला लागत नाही, एवढंच." दिवसभर ही बया पलंगाखाली लोळत पडायची. भुंकणं ठाऊकच नाही; चोर आला तर त्याला वाट दाखवली असती. पण लांब माळावर काही हललं की गेलीच. मग हाका मारा, शिट्ट्या वाजवा, ऐकतंय कोण?

आजोबांच्या काळात या कुत्र्यांच्या जिवावर घरात ससा शिजायचा. पुढे शिकारीवर बंदी आली. बाबांनी ती मुकाट्यानं पाळली, कुत्री मात्र सोडली नाहीत. सायकलला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून त्यांना पळवायचे. "धावली नाही तर ही जात कसली?" शेजारी हसायचे. मीही हसायचो, जरा जास्तच.

माझी लॉन्ड्री आहे. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात.

गेल्या वर्षी एका सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या माळावर काडीला ससा दिसला आणि ती गेली ती गेलीच. संध्याकाळपर्यंत वाट पाहून बाबांनी अंगातला शर्ट काढला, तिला जिथं सोडलं होतं तिथंच पसरला आणि बनियनवर घरी आले. ही आजोबांपासूनची रीत. बाबा म्हणाले, "धावताना हिला ना कान, ना नाक. भानावर आली की सोडल्या जागी परत येते. मालकाचा वास असला तर बसून राहते. नसला तर पुन्हा शोधत भटकते. शर्टाला कुणी हात लावू नका." गुडघ्यांमुळे त्यांना तिथं बसून राहणं जमत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून यायचे.

तिसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असताना एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, टाकीमागे एक कळकट शर्ट पडलाय. कॉलरला तुमच्याच दुकानाच्या लाल दोऱ्याची खूण! तुम्हीच धुतलात का?" चार गिऱ्हाईकं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी जाऊन मी तो शर्ट उचलून आणला.

मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी आजोबांच्या शर्टावर दमून झोपलेली कुत्री मी या डोळ्यांनी पाहिली होती. तरी मनाला सांगितलं, तीन दिवस झाले, आता कसली येतेय ती! गरम पाणी घेतलं, दुप्पट साबण लावला, कडक इस्त्री केली आणि कुणी न्यायला न आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात शर्ट खाली दडवून ठेवला.

संध्याकाळी बाबा माळावरून आले ते धापा टाकतच. "काडी येऊन गेली रे! जागा उकरलीय, ठसे ताजे आहेत. पण शर्टच नाही तिथं."

"वाऱ्यानं उडाला असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर पानही हलत नव्हतं. ते तसेच परत गेले आणि अंगातला दुसरा शर्ट पसरून आले. पंधरा दिवस तो तिथं होता. काडी आली नाही.

मग एके दिवशी बाबा दुकानात आले. सरळ त्या गठ्ठ्यापाशी गेले, खालून आपला शर्ट ओढून काढला आणि गिऱ्हाइकांसमोर नाकाशी धरला.

"छान धुतलास," म्हणाले. "कशाचाच वास राहिला नाही."

ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. लाज कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मान वर करून माफी मागायचंही धाडस झालं नाही, ते अजून झालेलं नाही.

तो शर्ट बाबा आजही घालतात. धुवायला मात्र माझ्याकडे देत नाहीत.