बिशपच्या बाई

बाईंचा एका बिशपवर राग होता, आणि तो बिशप साडेचारशे वर्षांपूर्वीच वारला होता. तरी बाई त्याच्याबद्दल अशा बोलायच्या, की जणू परवाच दुबईच्या भाजीबाजारात त्याने त्यांना धक्का मारला असावा. आम्हा वर्गातल्या मुलांच्या आयांनी त्यांचं नाव ‘बिशपच्या बाई’ असं ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. “बायको म्हणत नाहीत, एवढं बरं,” म्हणायच्या.

बाई राहायच्या दुबईपासून लांब, खोर फक्कान गावात. त्यांचे यजमान तिथल्या बंदरात नोकरीला होते. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. त्या सकाळी बाई डोंगर ओलांडून दुबईला यायच्या आणि तिथल्या मीना बाजारातल्या एका कापडदुकानावरच्या हॉलमध्ये मंडळाचा मराठी वर्ग घ्यायच्या. बाकीचा आठवडा त्यांचा प्राचीन माया लोकांचा. शेजारची मेक्सिकन मैत्रीण गाव सोडताना माया लिपीवरचं एक जाडजूड पुस्तक देऊन गेली. ते वाचता यावं म्हणून बाई चक्क स्पॅनिश शिकल्या. “खोर फक्कानच्या दुपारी फार मोठ्या असतात गं,” एवढंच कारण त्या सांगायच्या.

त्या स्पॅनिश बिशपचा गुन्हा असा. त्याने माया लोकांची पुस्तकं जाळली, आणि मग त्यांच्याच एका शिकलेल्या माणसाला समोर बसवून आपल्या एकेका अक्षराला तुमची खूण कोणती, ते विचारलं. त्यांची लिपी त्या पद्धतीची नव्हतीच. तरी तो बिचारा सांगत गेला, हा उतरवत गेला. तीनशे वर्षांनी तो कागद सापडला. विद्वानांनी तो लावून बघितला, काहीच वाचता येईना, म्हणून मोडीत काढला. काही मोठी माणसं तर म्हणाली, ही भाषा नव्हेच, नुसत्या तारखा आणि ग्रहतारे. “आणि ती भाषा बोलणारी माणसं तिथंच मका पेरत होती! त्यांच्याकडे जाऊन बसायला काय झालं होतं?” इथे बाईंचा आवाज चढायचा. पुढे त्याच कागदावरून लिपी उलगडली, याचा तर त्यांना जास्तच त्रास व्हायचा. “जाळलं त्यानेच आणि किल्लीही त्यानेच ठेवली. धड शिव्याही देता येत नाहीत मेल्याला.”

यातून बाईंनी आपली शिकवण्याची रीत काढली होती. ‘याला मराठीत काय म्हणतात’ हा प्रश्न वर्गात बंद. त्याऐवजी त्या आमच्याशी कॅरम खेळायच्या आणि उघडउघड लबाडी करायच्या. सोंगटी सरळ पदराखाली घ्यायच्या. “मॅम, दॅट्स चीटिंग!” असं ओरडलं की बाई ठार बहिऱ्या. तक्रार मराठीत आली तरच सोंगटी परत मिळे. आम्ही दातओठ खात मराठी जुळवायचो.

पालकांना अर्थातच हे पटलं नाही. कॅरम घरीही आहे, मग इथवर पेट्रोल कशाला जाळायचं? शेवटी मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी बाईंना सांगितलं, “मॅडम, पेरेंट्सना आउटपुट दिसायला पाहिजे. पुढच्या फ्रायडेला मी स्वतः टेस्ट घेतो. नाही जमलं तर क्लास खलास. झुंबावाले हॉल मागतायत.” बाई बरं म्हणाल्या, पण त्या दिवशी कॅरममध्ये त्यांनी एकदाही लबाडी केली नाही. तेव्हा आम्हाला भीती वाटली.

परीक्षेला सगळे पालक भिंतीला टेकून उभे होते. काका एकेकाला उभं करून विचारत होते, टेबलला काय म्हणतात, खिडकीचं अनेकवचन काय, ‘ळ’वरून शब्द सांग. मुलं एकामागून एक “आय डोन्ट नो, अंकल” म्हणून बसत होती. आया एकमेकींकडे बघू लागल्या. मी तिसरीत होते आणि माझा नंबर शेवटचा होता. चौथ्या की पाचव्या शब्दाला माझा पारा चढला. मी म्हटलं, “काका, तुम्ही नुसतं विचारतच बसलाय. मला कंटाळा आलाय. मी नाही सांगणार, जा.”

आईने कपाळाला हात लावला. बाईंचा चेहरा मात्र असा उजळला, की तसा मी पुन्हा पाहिला नाही. त्या उठल्या आणि बिशपच्या गोष्टीचा राहिलेला भाग त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितला. सगळी अक्षरं विचारून झाल्यावर बिशप त्या माणसाला म्हणाला, आता एखादं वाक्य लिही. त्याने लिहिलं, ‘मला नको.’ “हिचंही वाक्यच आलं बघा. काय चुकलंय त्यात, सांगा.”

काका ओशाळले. “म्हणजे मी बिशप का, मॅडम?”

“तुम्ही अजून काही जाळलेलं नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “वर्ग बंद केलात, तर मग बघू.”

आधी काकाच हसले. झुंबावाल्यांनी दुसरीकडे जागा बघितली. घरी मला उद्धटपणाबद्दल बोलणी बसली, पण माझं ते वाक्य आई पुढे कित्येक वर्षं सांगलीच्या नातेवाइकांना फोन करून ऐकवायची. मला अजून त्याचा अभिमान वाटतो, आणि बाईंचा तर त्याहून जास्त.

दोन वर्षांपूर्वी बाईंचे यजमान निवृत्त झाले. नोकरी संपली की व्हिसा संपतो. बाई साताऱ्याला परतल्या. जाताना त्यांनी मंडळाला कळवलं, की वर्ग आता ही घेईल, म्हणजे मी. मी ऑफिसात ऑडिट करणारी मुलगी, मला कुणी विचारलंही नव्हतं. पहिले काही महिने मी रडकुंडीला आले. मुलं गप्प बसायची, आणि गप्प बसलेल्या मुलांना मी घाबरून प्रश्न विचारत सुटायचे.

परवा बाईंचा फोन आला. किती मुलं येतात, पुस्तक कुठवर आलं, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

“उलट बोलतात का गं तुला?”

“फार बोलतात, बाई. कालच एकीने मला सांगितलं, तुम्हाला काही कळत नाही म्हणून.”

“कुठल्या भाषेत?”

“मराठीत.”

मग बाई म्हणाल्या, “बरं. ठेवते आता. निवांत चहा पिते.”