अप्पांची साईड

इंग्रजीचा एकच शब्द घेऊन त्यावर अख्खा संसार चालवणारा माणूस बघायचा, तर उमरग्यात आमच्या हणमंतप्पांना भेटा. शब्द आहे 'साईड'. मिशी फुटल्यापासून ट्रकवर, त्यामुळं जिभेला तोच सापडला. भाजी खारट झाली की ताट साईडला सरकतं. दारातल्या शेळ्या म्हणजे त्यांचा साईड बिझनेस. औषधानं मळमळलं की साईड इफेक्ट. लग्नात अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न, "तुमी पोराच्या साईडचे का पोरीच्या?"

फक्त रस्त्यावर साईड द्यायची, एवढं काही अप्पांना माहीत नव्हतं. हायवेची उजवी लेन सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी धरून चालायचे. मागचे हॉर्न वाजवून दमायचे.

त्यांची लेक शिवांजली एसटीत ड्रायव्हर व्हायचं म्हणाली, तेव्हा मेहुणे शांतलिंग उसळले.

"दाजी, आपली पोरीची साईड हाय. सोयरीक कशी जमायची? आन् तुमच्यासारखे ट्रकवाले तिला साईड देतील व्हय?"

 अप्पा एवढंच म्हणाले, "म्या पोरीच्या साईडनं हाय."

मग रोज सकाळी माळावर शिकवणी सुरू झाली. पोरगी स्टिअरिंगवर आणि हा जन्माचा ड्रायव्हर तिचा क्लीनर होऊन खाली. रिव्हर्स घेताना पत्र्यावर थाप मारायचे. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. येणारे-जाणारे दात काढायचे. अप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

शिवांजली भरती झाली. परवा सोलापूरला जाताना मी अप्पांच्याच केबिनमध्ये होतो. नळदुर्गच्या अलीकडं मागून हॉर्न आला.

"वाजीव म्हणावं," अप्पा पुटपुटले.

पुन्हा हॉर्न. अप्पांनी आरशात पाहिलं. मागं एसटी होती, आणि खाकी कपड्यांत आमची शिवांजली. बापाचा ट्रक तिनं ओळखला नसेल का? पण हॉर्न काही सोडला नाही.

अप्पांनी ट्रक डावीकडं घेतला, पार साईडपट्टीला टेकवला. बस शेजारून निघाली. माझाच ऊर भरून आला, तर बापाचं काय सांगू! मान ताठ, डोळ्यांत पाणी. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आपल्याच दारावर जोरात थाप मारली.

मग दुसरी.