वाटीवरची ताटली

टीव्हीवर अमेरिका आणि चीन एकमेकांच्या मालावर कर वाढवत होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या स्कूटरवर पडतं, यावरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं आणि तेव्हापासून अबोला होता.

"तुमची वाटी राहिली होती," माझ्याकडे न बघता त्यांनी ती बायकोच्या हातात दिली. तिने वरचं झाकण सरकवलं, आत लिंबाचं लोणचं.

"अहो काकू, हे कशाला?" बायको म्हणाली.

"भांडण आपल्या जागी. म्हणून काय रिकामी वाटी परत करू?"

त्या ठसक्यात निघून गेल्या. मला हसू आलं. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत जिने पाडली तिला व्यापार पुरता कळला होता. देणंघेणं संपू द्यायचंच नाही. तिकडेही एकाचं सोयाबीन दुसऱ्याला हवं आणि दुसऱ्याचे फोन पहिल्याला. गुरगुरून जातील कुठे?

"आता आपली वाटी आली. संपलं," मी म्हणालो.

"संपतंय कसलं!" बायको फ्रीज उघडत म्हणाली. "वर झाकलेली ताटली त्यांची आहे."