अकराशेची नवी जाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा — पण ऐकून घ्या.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. चिंचवडला मुंबई रस्त्यावरच्या गॅरेजात मी मिस्त्री होतो, आणि ‘अकराशे’ नावाच्या मोटारीवर माझा भारी जीव. नाव तेच, गाडी मात्र दर पिढीला निराळी. आधी लांब नाकाची. मग गोल पाठीची, जिला लोक डुक्कर म्हणत. मग तीच, पण पुढची जाळी नवी — ती त्याच वर्षी आलेली. लांबून तोंड बघून मी पिढी सांगायचो — आणि ऐकायला चार माणसं असली की जरा जास्तच सांगायचो.

माझी चुलतबहीण सुमन. तिला बघायला तळेगावचे पाहुणे आकुर्डीला आले ते अकराशेतून. गाडी यंदाच घेतली, मुलाचा बाप म्हणाला. मुलगा पिंपरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, असंही म्हणाला. सुमनचे वडील, आमचे अण्णा, साधे शेतकरी. त्यांनी पारखायचं तरी कशावरून? मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाळू, गाडीचं खरं निघालं तर बाकीचंबी खरं. तूच बघ बाबा.”

मी काय केलं? लांबूनच, सगळ्या भावकीसमोर, अकराशेचा सगळा इतिहास ऐकवला आणि निकाल दिला — यंदाचीच! माणसं कौतुकाने बघत होती. मला फार बरं वाटलं.

पाहुणे चहाला आत गेले, तेव्हा मी हौसेने बॉनेट उघडलं. जाळीमागे वेगळाच, जुना रंग. नावाच्या जुन्या पट्टीची भोकं पुट्टीने बुजवलेली. जुन्याच गाडीला नवं तोंड बसवलं होतं.

अण्णा अंगणातच उभे होते. एक शब्द पुरला असता. पण आत्ताच छाती फुगवून सांगितलेलं — ते सगळ्यांदेखत मागे कसं घेऊ? मी बॉनेट लावलं.

“काय रं?”

“नवीच हाय, अण्णा.”

आधी माझी चूक झाली होती. आता मी खोटं बोललो.

लग्न झालं. नोकरी खोटी निघाली. गाडी कुणाची तरी मागून आणलेली. नवरा हात उचलायचा. वर्ष सरायच्या आत सुमन माहेरी आली, ती परत गेलीच नाही. अण्णा शेवटपर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिले. मी ऐकत राहिलो.

आणि सुमन? एकदा मला जेवायला वाढताना म्हणाली, “दादा, तू नको मनाला लावून घेऊ. गाडीतलं एवढं कळतंय तुला, तरी तुलाबी फसवलंच की त्यांनी.”

मी मान हलवली — हो म्हणून. आणि तिने वाढलेली भाकरी खाल्ली.