कळसूबाईवरचा डबा

पहाटेच्या गारठ्यात पप्पांच्या मोटारसायकलीवर, त्यांची पाठ आणि माझं पोट यांच्यामध्ये अडकवलेला तो स्टीलचा डबा — फडक्यात घट्ट बांधलेला, ताज्या भाकरीच्या वाफेने ऊबदार, लसणाच्या चटणीचा वास लपवू न शकणारा... चाकण मागे पडलं, उजाडलं, तरी ती ऊब माझ्या पोटाशी होती.

पप्पा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. भोसरीची सुट्टी गुरुवारची, माझ्या शाळेची रविवारची. त्यामुळे पप्पा मला भेटायचे ते बहुधा झोपलेले, नाहीतर निघालेले. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर दाखवीन, हा त्यांचा शब्द असे कित्येक गुरुवार नुसताच लांबत गेला होता. शेवटी एका गुरुवारी मी शाळा बुडवली. आईने दारातच अट घातली, "उद्या पहाटे तुमची शिफ्ट हाय. जिथं डबा उघडाल, तिथून गपगुमान माघारी फिरायचं."

अट ऐकून माझा जीव खालीवर झाला. कारण पप्पांची भूक कंपनीच्या भोंग्यावर चालायची. कॅन्टीनच्या वेळेला, मग ते घरी असोत की लग्नाच्या मांडवात, त्यांचे हात आपोआप जेवण शोधू लागत.

भाद्रपद सरत आला होता. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळेधमक झाले होते, ओल्या गवताचा, मातीचा, कुठल्याशा रानतुळशीचा गंध पावलागणिक बदलत होता, आणि मी मात्र त्या सौंदर्याकडे पाठ फिरवून पप्पांना घाई करत होते. ते निवांत! लोखंडी शिडी आली की आधी तिच्या जोडावरून अंगठा फिरवणार, "वेल्डिंग चांगलं केलंय राव" म्हणणार, मगच चढणार.

"भूक लागली का गं?"

"छे!" मी म्हणाले. पोटात कावळे ओरडत होते.

शेवटच्या शिडीपाशी व्हायचं तेच झालं. पप्पा दगडावर टेकले, गप्पांच्या नादात फडकं सुटलं, आणि त्यांच्या अंगठ्याने झाकण उचललं... चटणीचा वास सुटला. समोर शिखरावरचं इवलंसं देऊळ दिसत होतं. माझे डोळे भरून आले; त्या क्षणी मला त्या डब्याचा भयंकर राग आला.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, आणि तळहाताने झाकण खटकन दाबलं. "नुसता वास आला म्हंजे डबा उघडला, असं न्हाई. चल, आज जेवणाची सुट्टी वर!"

वर वारा असा सुसाट होता की भाकरी दोन्ही हातांनी धरावी लागली. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. इतकी चविष्ट भाकरी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

आता त्या वर्कशॉपच्या जागी उंच इमारत उभी आहे. भोंगा कधीच बंद झाला. पप्पांचे गुडघे संत तुकाराम नगरातल्या आमच्या घराचा जिनासुद्धा कुरकुरत चढतात. परवाच्या गुरुवारी मी माझ्या लेकीला घेऊन कळसूबाईला गेले, तोच डबा घेऊन. शेवटच्या शिडीपाशी फोन वाजला. पप्पा होते — बरोबर कॅन्टीनच्या वेळेला.

"डबा उघडला का गं?"

"नाही पप्पा. अजून शिडी चढायचीय."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"मग मीबी थांबतो," ते म्हणाले. "वर पोचलात की सांग."